उरलेलं अक्षर

तव्यावर पहिली भाकरी पडली की दारापुढच्या ओट्यावरून आबांचा आवाज यायचा. करुणाचे हात पिठात असायचे आणि कान बाहेर. पेपर शेवटच्या पानापासून वाचायला घेणारा माणूस त्यांच्या आळीत तरी दुसरा नव्हता. राजकारण, अपघात, कांद्याचा भाव हे सगळं मागाहून, आधी शेवटच्या पानाचा खालचा कोपरा, जिथं रोज काही शब्दांची अक्षरं मोडून, उलटसुलट करून छापलेली असत. आबा चष्मा नाकावर ओढून एकेक अक्षर असं पुकारायचे, की फलाटावर गाडीची घोषणाच चालली आहे असं वाटावं.

"ण… आ… व… ठ."

"आठवण," करुणा आतून म्हणायची आणि भाकरी उलटायची.

"न… स्टे… श."

"आबा, हे तर तुम्ही झोपेत पण सांगाल."

"म्या सांगंन. तू सांग की."

आबा म्हणजे करुणाचे सासरे, कोंडिबा. रेल्वेत डबे सोडायच्या आणि जोडायच्या कामात त्यांची उभी नोकरी गेली होती. दौंड स्टेशनात पुण्याकडून आलेली मनमाडची गाडी तोंड फिरवते. इंजिन या टोकाचं सुटून त्या टोकाला लागतं, आतापर्यंत शेवटचा असलेला डबा पहिला होतो, आणि डुलकी लागलेला नवखा प्रवासी दचकून खिडकीतून बघायला लागतो, की आपण आलो त्याच वाटेनं परत तर निघालो नाही ना. आबांना त्याची मोठी गंमत वाटे. डबे कसे का येईनात, गाडी लावायचीच, हे त्यांचं नोकरीतलं ब्रीद होतं आणि पेपरातल्या कोड्यांबद्दलही तेच. त्यांची बायको विठाबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मोठी लेक गिताबाई खुटबावला दिलेली. मुलगा सम्राट कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टवर जायचा, आणि कंपनीच्या बसमधून घरी उतरल्यावर त्याला शब्दच नकोसे झालेले असायचे, मग ते उलटे असोत की सुलटे.

करुणा पाबळची. लग्न होऊन आली तेव्हा इतकी गप्प असायची, की शेजारणींनी ती मुकी आहे की काय अशी शंका काढली होती. त्या पहिल्या दिवसांत एकदा आबा ओट्यावरून, कुणालाच न सांगितल्यासारखं, म्हणाले होते, "सम्राट म्हनत व्हता, पोरगी हितं रुळती का न्हाई कुणास ठावं. म्या म्हनलं, न रुळायला काय झालं, दारातच रूळ हायेत की!" ती पदर तोंडाला लावून हसली, आणि त्या हसण्यानं ती त्या घरातली झाली. पुढं लेकीच्या, आम्रपालीच्या वेळी तिला दिवस गेले आणि सकाळी मोरीपाशी बसून राहायची वेळ आली, तेव्हा आबा बाहेरून म्हणाले, "उलटी झाली? मंग सुलटी करून बघ, काय उत्तर येतंय." तशा अवस्थेतही तिला हसू आवरलं नव्हतं.

कोडं तिनं कधी छापलेलं पाहिलंच नव्हतं. ती ते ऐकायची. अक्षरं कानातून आत आली की थोडा वेळ अंधारात चाचपडल्यासारखी एकमेकांना धडकत, आणि मग कुठंतरी खटका बसून सगळी एका रांगेत उभी राहत. त्या खटक्याचं सुख तिला कुणाला समजावून सांगता आलं नसतं. दिवसभराच्या धुण्याभांड्यात तेवढा एकच क्षण तिचा स्वतःचा होता. एकदा आबांनी "र… म… ग" असं पुकारलं आणि ती "गरम" म्हणाली. दुसऱ्या दिवशी उत्तर छापून आलं, "मगर". आबा पोट धरून हसले होते. "आता आंघोळीच्या पान्यात हात घालताना जपून गं बाई, गरम हाय का मगर हाय ते बघून घाल!" मग हसू ओसरल्यावर त्यांनी, एखादा जुना कामगार नव्याला सांगतो तशा गंभीरपणानं, सांगितलं होतं, की दोन उत्तरं निघाली तर हरकत न्हाई, दोन्ही बी खरी. पण एक अक्षर जरी उरलं, तर समजायचं उत्तर खोटं.

पावसाळा सरत आलेल्या दिवसांतली ती सकाळ तिच्या कायम लक्षात राहिली, कारण त्या सकाळी तिला कोडं सुटलं नाही. आबांनी अक्षरं पुकारली. तिनं ती मनात फिरवली, पुन्हा फिरवली, काहीच लागेना. "परत सांगा," ती म्हणाली. आबांनी परत सांगितली, पण ती वेगळीच होती. मग आणखी वेगळी. तिला वाटलं, आज थट्टा चालली आहे. भाकरी तशीच तव्यावर टाकून ती हसत दारात आली, तर आबांच्या मांडीवरचा पेपर अजून घडीतच होता, सुतळीसकट, आणि त्यांचं तोंड एका अंगाला ओढलं गेलं होतं, आणि त्या तोंडातून अक्षरं येतच होती.

दौंडात दाखवलं, पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, उजवं अंग हळूहळू येईल; वाचेचं सांगता येत नाही. डोक्यात शब्द आहेत, पण बाहेर येताना मोडून येतात. घरी आणल्यावर आबांना ओट्याला लागून असलेल्या खोलीत खाटेवर निजवलं. सम्राट उशाशी बसला, गिताबाई पायाशी, आणि आबा डावा हात हलवत कळवळून काहीतरी म्हणत राहिले. गिताबाईला रडू फुटलं. सम्राट पाण्याचं भांडं पुढं करून बघत होता, मग उशी, मग पांघरूण. करुणा चहा घेऊन आत आली आणि तिच्या कानांवर ते पडलं.

"की… खि… ड."

"खिडकी," ती म्हणाली, अगदी सकाळच्यासारखी, हातातल्या कपबशीवरची नजर न काढता. "खिडकी उघडा म्हणतायत."

सम्राटनं खिडकी उघडली. आबांनी डोळे मिटले आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळलं.

"तुला कसं कळलं?" सम्राटनं विचारलं.

"रोजचंच आहे हे आमचं," करुणा म्हणाली, आणि म्हणताना तिला जो आनंद झाला त्याची तिची तिलाच लाज वाटली.

पण आनंद झाला होता हे खरं. आधी सकाळी चार शब्द मिळायचे, आता दिवसभर मिळायला लागले. आबांना पाणी हवं असे, अंगावर ऊन येत असे, आम्रपालीची शाळा सुटली का ते विचारायचं असे, आणि ते सगळं मोडक्या अक्षरांनी तिच्यापाशी यायचं. ती ते जोडून घरातल्यांना द्यायची. डॉक्टरसुद्धा तिच्याकडं बघून प्रश्न विचारायला लागले. आळीतली माणसं भेटायला येत, आबा बोलत, आणि सगळी डोकी करुणाकडं वळत. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत ती बोलत असताना सगळं घर गप्प बसून ऐकतंय, असं कधी झालं नव्हतं. तिचा आवाज थोडा मोठा झाला. चालणं बदललं. कधीकधी आबांचं पुरतं बोलून व्हायच्या आतच तिला शब्द लागून जायचा आणि ती सांगून मोकळी व्हायची, जशी ती पूर्वी तिसऱ्या अक्षरालाच उत्तर द्यायची तशी.

हरिबामामा रोज दुपारनंतर यायचे. आबांच्या बरोबरीनं रेल्वेत होते, एकाच साली लागले, एकाच साली सुटले. दारातून "जय भीम, कोंडिबा" म्हणत येत, टोपी काढून गुडघ्यावर ठेवत आणि खाटेशेजारच्या स्टुलावर बसून राहत. फार बोलायचे नाहीत. कुठली गाडी आज उशिरा आली, कुठल्या फलाटावर घेतली, एवढंच सांगायचे, आणि आबा खिडकीतून रुळांकडं बघत ऐकायचे. एकदा, दिवाळी होऊन गेल्यानंतरच्या थंडीत, हरिबामामा उठायला लागले तेव्हा आबा एकदम अस्वस्थ झाले. डावा हात खाटेच्या कडेवर आपटायला लागले.

"को… जा…" मग कण्हल्यासारखा एक "ऊ", आणि मग, "न."

सम्राट कामावर होता. खोलीत त्या दोघांखेरीज करुणाच होती. हरिबामामांनी आबांकडं बघितलं आणि मग, सगळे बघायचे तसं, तिच्याकडं.

"नको म्हणतायत," करुणा म्हणाली. "जा म्हणतायत."

हरिबामामा काहीतरी बोलणार होते. त्यांचे ओठ हललेही. पण त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, आबांच्या खांद्याला हात लावला आणि दारात वाकून चपला शोधायला लागले. आबांचा हात कडेवर आपटतच होता. "दमलेत आज," करुणानं त्यांच्या पाठीमागून सांगितलं.

संध्याकाळी भांडी घासताना तिला काहीतरी टोचायला लागलं. दातात धागा अडकावा आणि जिभेनं तो सारखा चाचपत राहावा तसं. तिनं ती अक्षरं पुन्हा मनात लावून बघितली. को, जा, न. नको, जा. बरोबर लागत होतं. मग ती थांबली, आणि नळ तसाच वाहत राहिला. मधला तो "ऊ" तिनं धरलाच नव्हता. कण्हणं म्हणून बाजूला टाकला होता. तो घेतला तर शब्द दुसराच होत होता.

जाऊ नको.

उद्या हरिबामामा आले की सांगू, असं तिनं ठरवलं. ते आले नाहीत. परवाही नाही. आम्रपालीला त्यांच्याकडं पाठवावं असं तिला रोज वाटे, आणि रोज तिच्या मनात येई, की पाठवून काय सांगायचं? माझं चुकलं म्हणून? मग उद्या आबा काही बोलले आणि मी काही सांगितलं, तर त्यावर कोण विश्वास ठेवील? आणि खरंच चुकलं होतं का? कण्हणं ते कण्हणं. आजारी माणूस कण्हतोच. तिचं तिलाच हे पटायचं आणि पुढच्या क्षणी पटेनासं व्हायचं. ती घरभर काहीतरी शोधल्यासारखी फिरायची. डबे उघडायची, बंद करायची, वाळत घातलेले कपडे उगाच उलटे करून पुन्हा घालायची. आबांच्या खोलीत जाताना आता ती उंबऱ्यापाशी थबकायची, कारण त्यांच्या प्रत्येक बोलण्यात ती शब्द ऐकायच्या आधी उरलेलं अक्षर शोधायला लागली होती, आणि शोधलं की ते सापडायचंच. कुठं खोकल्यात, कुठं सुस्काऱ्यात, कुठं नुसत्याच हललेल्या ओठांत.

मग एक दिवस सम्राट बाहेरून आला आणि चप्पल न काढताच म्हणाला, "हरिबामामा गेले. शिरूरला लेकीकडं गेले होते. तिथंच."

आबांना सांगायचं काम करुणाकडं आलं. ती खाटेशी बसली आणि सांगितलं. आबांनी तिच्याकडं बराच वेळ बघितलं. रडले नाहीत. तिच्या हातातल्या पेजेच्या वाटीकडं बघितलं, पुन्हा तिच्याकडं बघितलं आणि दोनच अक्षरं म्हणाले.

"को… न."

"नको? बरं, मागाहून खा," ती म्हणाली आणि वाटी उचलून आत गेली.

गिताबाई शिरूरला मातीला गेली होती. तिथून परस्पर ती दौंडला आली आणि वडिलांपाशी चार दिवस राहते म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी करुणा ओट्यावर तांदूळ निवडत होती आणि आतून हसण्याचा आवाज आला. गिताबाईचा, आणि त्यात मिसळलेला, खरखरीत, आबांचा. कितीतरी महिन्यांत आबा हसले नव्हते. ती सूप खाली ठेवून आत गेली.

आबा बोलत होते. करुणाच्या कानांवर नेहमीसारखी अक्षरं पडत होती, एकमेकांत अडकलेली, पुढची मागं आणि मागची पुढं, पण गिताबाई मान डोलवत ऐकत होती आणि मधेच म्हणत होती, "व्हय की! आन् मंग त्या मास्तरनं काय केलं?" आबांनी पुन्हा काहीतरी सांगितलं आणि गिताबाई पदर तोंडाशी नेऊन हसली.

"आक्का," करुणानं विचारलं, "तुम्हाला कळतं?"

"काय?"

"आबा काय बोलतात ते."

गिताबाईनं तिच्याकडं बघितलं. तेवढ्यात आबांनी डावा हात उचलून करुणाकडं बोट केलं आणि लेकीला म्हणाले, "को… न."

"नको म्हणतायत," करुणा घाईनं म्हणाली. "गोष्ट पुरे म्हणतायत. दमतात ते."

"नको न्हाई गं," गिताबाई हळूच म्हणाली. "कोन, म्हनत्यात. ही बाई कोन हाय, असं मला इचारत्यात."

करुणा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. गिताबाईनं आबांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, उठली, आणि तिला हाताला धरून ओट्यावर घेऊन आली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं करुणाला नंतर वाटलं.

"आबा चांगलं बोलत्यात की आता. जरा सावकाश, पर सरळ. तुला म्हाईत न्हाई?"

"कधीपासून?"

"दिवाळीपासनं तरी. सम्राटला इचार."

सम्राट शिफ्टवरून येऊन मोरीत तोंड धूत होता. त्यानं ऐकलं होतं. टॉवेलमध्ये तोंड घालूनच तो म्हणाला, "मी तुला बोलणारच होतो. पण तू इतकं जीव लावून सांगायचीस, म्हटलं जाऊ दे, तिला बरं वाटतं. आम्हाला कळायचं ना ते काय म्हणतात. तू वेगळंच काहीतरी सांगायचीस कधीकधी. आणि…"

"आणि काय?"

त्यानं टॉवेल खाली केला. "कधीकधी आबांचं तोंड मिटलेलं असायचं, करुणा. ते काही बोललेलेच नसायचे. आणि तू सांगायचीस."

रुळांवरून मालगाडी गेली आणि तिचा शेवटचा डबा जाईपर्यंत तिघंही तशीच उभी राहिली, बोलायची सोयच नसल्यासारखी.

"हरिबामामांनी लेकीला सांगितलं व्हतं," गिताबाई म्हणाली. "कोंडिबा जाऊ नको म्हनत व्हता, हात आपटून आपटून म्हनत व्हता. पर सूनबाई जा म्हनली. घर तिचं हाय. म्हून उठलो म्हनले."

"मला तसं ऐकूच आलं नाही," करुणा म्हणाली. तिला पुढंही बोलायचं होतं, की मी अक्षरं जशी आली तशीच जोडली, की एकच उरलं होतं. पण ते तोंडातून निघेना. सम्राटनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाला. ती त्याच्याकडं बघत राहिली. त्यानं पुन्हा म्हटलं. अक्षरं तिच्या आत आली, एकमेकांना धडकली, थोडा वेळ चाचपडली, आणि मग खटका बसला: दमली आहेस, जरा पड.

ती पडली. छताकडं बघत तिनं बाहेरचं बोलणं ऐकलं. गिताबाईचं, सम्राटचं, दारावर आलेल्या भाजीवाल्याचं. सगळं मोडून येत होतं. तिला ते जोडायला वेळ लागत नव्हता. इतक्या वर्षांची सवय होती. प्रश्न एवढाच होता, की हे आज सुरू झालं होतं, की कितीतरी दिवसांपासून ती सगळ्यांचंच बोलणं असं जोडून घेत आली होती आणि तिला ते कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ओट्यावरचा पेपर उचलला. आबा आजारी पडल्यापासून शेवटचं पान कुणी उघडलं नव्हतं. तिनं पहिल्या पानावरचा मथळा बघितला. मोठ्या काळ्या अक्षरांची नुसती गर्दी. ती जोडावी लागली, तेव्हा कुठल्याशा मंत्र्याचा दौरा निघाला. मग पान उलटून तिनं खालचा कोपरा बघितला. तिथं शब्द सरळ छापले होते. सावली. उंबरा. पाखरू. कढई. एकही अक्षर इकडचं तिकडं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती ते कोडं डोळ्यांनी बघत होती आणि त्यात सोडवायचं असं काहीच नव्हतं.

शाळेला निघालेल्या आम्रपालीला तिनं थांबवलं. "हे वाच बरं."

आम्रपालीनं वाचलं. सावली, उंबरा, पाखरू, कढई. करुणाला स्वच्छ ऐकू आलं. तिचा जीव भांड्यात पडला. मग पोरगी आईच्या तोंडाकडं बघून हसली आणि काहीतरी म्हणाली, आणि ते मात्र करुणाला आधी सोडवावं लागलं आणि मग कळलं. पोरगी म्हणाली होती, "आई, हे कसं वाचायचं? ह्याला काही अर्थच नाही."

त्यानंतर करुणानं घरात फार जपून वागायला सुरुवात केली. कुणी काही म्हटलं की ती एक क्षण थांबायची, जोडायची आणि उत्तर द्यायची. कुणाला वेगळं वाटलं नाही. उलट गिताबाई म्हणाली, की आता जरा शांत झालीस, हे बरं झालं. पण ती शांत नव्हती. एखादं अक्षर उरत तर नाही ना, या धास्तीनं तिला बसल्या जागी स्वस्थ बसता येत नव्हतं. आबांच्या खोलीत ती आता फक्त केर काढायला जायची. आबा तिच्याकडं बघत राहायचे. पूर्वी कोडं पुकारून झाल्यावर ते जसे दाराकडं कान लावून, डोळे किंचित बारीक करून वाट बघत बसायचे, अगदी तसेच.

गिताबाईचा निघायचा दिवस आला. आबांना आपल्याबरोबर खुटबावला न्यावं, असं तिचं म्हणणं होतं. तिथं घर मोठं, माणसं पुष्कळ, आणि आबांनाही बदल. सम्राटला ते पटत होतंसं दिसलं. आबांच्या खाटेभोवती सगळे बसले. आम्रपाली आजोबांच्या पायाशी. बोलणं बराच वेळ चाललं, आणि करुणा ते एकेक करून जोडत राहिली. शेवटी सम्राट तिच्याकडं वळला.

"तुझं काय म्हणणं आहे?" असं तो म्हणाला. तिनं दोनदा तपासलं. काही उरलं नाही.

करुणानं पदर सारखा केला. तिला या घरात आबांच्याशिवाय कुणाशी बोलायचं होतं? तिनं ठरवलं, माफी मागायची ती पुढं सावकाश, रोज थोडी मागता येईल; त्यासाठी माणूस घरात पाहिजे. ती सावकाश आणि स्पष्ट म्हणाली, "आबांना इथंच राहू द्या. मी बघते त्यांचं."

गिताबाईच्या कपाळावर बारीक आठी उमटली. सम्राट जरा पुढं वाकला आणि मान एका अंगाला करून, फार मायेनं, तिच्या तोंडाकडं बघत राहिला.

"आबांना इथंच राहू द्या," ती पुन्हा म्हणाली, थोडं मोठ्यानं.

आम्रपालीनं आईकडं बघितलं, मग आत्याकडं. गिताबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग ती सगळी डोकी, एकामागून एक, खाटेकडं वळली.

आबांनी डोळे बारीक केले. क्षणभर ते तसेच राहिले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर, ओढलेल्या अंगावरसुद्धा, एक समाधान पसरलं. ते बोलले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे शब्द करुणाला जसेच्या तसे ऐकू आले, एकामागून एक, रांगेत, सरळ.

"ती म्हनतीय, मला म्हायेराला जायचंय. पाबळला."

सम्राटनं सुटकेचा निःश्वास सोडला. "बघ आक्का," तो म्हणाला, "आबांना बरोबर कळतं." आणि तो उठून आतल्या खोलीत फळीवरची बॅग काढायला गेला.

"नाही," करुणा म्हणाली. "नाही, नाही."

गिताबाईनं आबांकडं बघितलं.

"व्हय म्हनतीय," आबा म्हणाले.